वन्सं आणि कारभारी

आमच्या इस्पितळाच्या तळघरात माझ्या नणंदेला सगळेच 'वन्सं' म्हणतात. दोष माझा. लग्नानंतर पहिल्या दिवशी कामावर आले आणि सगळ्यांसमोर त्यांना वन्सं म्हणून हाक मारली, मुद्दाम, चिडवायला. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता 'काय' म्हटलं. झालं, तेव्हापासून वायरमन त्यांना वन्सं म्हणतो, सफाईच्या बाई वन्सं म्हणतात आणि इस्पितळाचे संचालकसुद्धा फोनवर 'जरा वन्संना द्या' म्हणतात. निम्म्या लोकांना ते त्यांचं आडनावच वाटतं.

त्या माझ्या साहेब आधी झाल्या, नणंद नंतर. मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले आणि त्यांनीच आपल्या धाकट्या भावासाठी मला हेरलं. भावासाठी मुलगी बघताना लोक रूप बघतात, स्वभाव बघतात. ह्यांनी काय बघितलं, तर एंटर दाबण्याआधी मी क्षणभर थांबते का. थांबत नव्हते. तरी पसंत केलं, म्हणे बाकी मुलगी बरी आहे. आता ऑफिसात त्यांचं ऐका, घरी त्यांचं ऐका, आणि सुटीच्या दिवशी त्या जेवायला येतात म्हणून तेव्हाही ऐका. माझ्या नाकावर राग असतो हे सगळं खातं जाणतं, पण ह्या बाईच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी हा संसारही केला नसता आणि ही नोकरीही.

आमची खोली म्हणजे पांढऱ्या भिंती, जमिनीतल्या जाळ्यांतून वर येणारी थंड हवा आणि पंख्यांचा अखंड आवाज. दोघी समोरासमोर उभ्या राहून साधं बोललो तरी भांडतोय असं वाटतं. बऱ्याचदा भांडतच असतो. खोलीच्या मधोमध एक लोखंडी पेटारा आहे, छातीएवढा उंच. त्यात खणांमध्ये पातळ, उभे सर्व्हर सरकवून बसवलेले असतात. त्यांना ब्लेड म्हणतात. प्रत्येक ब्लेड म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर, पण बिचाऱ्याला स्वतःचा पंखा नाही की स्वतःची वीज नाही. पंखे आणि वीज सगळ्यांत मिळून, पेटाऱ्याच्या पाठीला. एकत्र कुटुंब म्हणा ना.

आणि ह्या कुटुंबावर नजर ठेवायला एक वेगळा, छोटासा कॉम्प्युटर बसवलेला असतो. ब्लेडं चालू असोत की बंद, हा जागाच. कुठल्या खणात किती तापलंय, कुठला पंखा किती वेगाने फिरतोय, वीज नीट येतेय का, सगळं ह्याला ठाऊक. पंखे कधी वाढवायचे, कधी कमी करायचे, तेही हाच ठरवतो. त्याच्याशी बोलायचं तर काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, तो दोन ओळींत उत्तर देतो. गोड बोलणं नाही, चित्रं नाहीत. माहितीपुस्तकात त्याचं लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला कारभारी म्हणतो.

तसा भिंतीवर एक रंगीत पडदाही लावलाय. कारभाऱ्याकडून माहिती घेऊन तो सगळे खण हिरवे, पिवळे किंवा लाल दाखवतो. पाहुणे आले की संचालक तोच दाखवतात. वन्सं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की हिरवा रंग म्हणजे दुसऱ्याने आपल्या वतीने ठरवून टाकलेली गोष्ट, आपण स्वतः विचारलेलं उत्तर वेगळं. त्या रोज सकाळी खुर्ची ओढून बसतात आणि कारभाऱ्याला एकेका खणाची, एकेका पंख्याची खबर विचारतात. तेही प्रत्येक प्रश्न दोनदा. पंख्याचा वेग विचारायचा, जरा थांबायचं, पुन्हा तोच प्रश्न. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, वन्सं, त्याला ऐकू येतं, तुमच्या भावासारखा बहिरा नाहीये तो. त्यांनी हसून दुसऱ्यांदा एंटर दाबलं.

दुसरी त्यांची खोड म्हणजे एक प्रश्न, 'कुठे उभी आहेस?' ह्याचा अर्थ बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगते. कारभाऱ्याशी बोलताना आपण कुठेतरी 'उभं' राहायचं असतं. पहिल्या खणावर उभं राहिलात तर तुमचा हुकूम पहिल्या ब्लेडला लागू. पंख्यावर उभं राहिलात तर पंख्याला. खुद्द कारभाऱ्यावर उभं राहिलात तर त्याला स्वतःला. हुकूम तोच, अक्षरंही तीच, पण उभं कुठे आहात त्यावर सगळं. आणि आपण तिथून हललो नाही, तर तो आपल्याला तिथेच धरतो. चार कामं करून, फोन घेऊन परत आलं की माणूस विसरतो. म्हणून आमच्याकडे वन्संनी पाडलेली रीत अशी, की बंद करा, चालू करा असला कुठलाही जड हुकूम द्यायचा असेल तर शेजारच्याने विचारायचं, कुठे उभी आहेस. टाइप करणारीने पडद्यावर वाचून मोठ्याने सांगायचं. विचारणाऱ्याने 'ऐकलं' म्हटल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

आता माझ्या नवऱ्याकडे येते. तो फुलबाजारात लिलाव पुकारतो. फुलांच्या राशी उतरल्या की पहाटेपासून ह्याचं तोंड सुरू. भाव, वजन, गिऱ्हाइकाची चेष्टा, सगळं एका श्वासात. बाजारात त्याला भोंगा म्हणतात आणि आम्हीही घरात तेच म्हणतो. त्याचं तोंड हेच त्याचं भांडवल. आणि त्याच माणसाच्या कानामागे आत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवून समजावलं. गाठ वाईट जातीची नव्हती, पण बसली होती नेमकी त्या शिरेला खेटून, जिच्या जोरावर माणसाचा अर्धा चेहरा हलतो. शिरेला धक्का लागला तर तोंड एका बाजूला लोंबणार, ओठ मिटणार नाहीत, बोललेलं सांडणार. त्या दिवसापासून भोंगा गप्प झाला. गाठीमुळे नाही, भीतीने. रात्री आरशासमोर उभा राहून गाल फुगवून बघायचा आणि मी आले की दात घासायचं सोंग करायचा. मी पाहिलं नाही असं दाखवायची आणि आत जाऊन रडायची.

शस्त्रक्रिया आमच्याच इस्पितळात ठरली. अशा शस्त्रक्रियेत डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी काम करत नाहीत. समोरच्या पडद्यावर रोग्याच्या डोक्याचं आतलं चित्र असतं आणि हातातल्या हत्याराचं टोक ह्या घडीला नेमकं कुठे आहे, शिरेपासून किती लांब, ते त्या चित्रावर सरकत असतं. ते चित्र तयार होतं तळघरात, आमच्या पेटाऱ्यात, तिसऱ्या खणातल्या ब्लेडवर. म्हणजे माझ्या नवऱ्याचं तोंड त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या हातात होतं आणि थोडं त्या तीन नंबरच्या ब्लेडमध्येही होतं.

वन्संना रजा मिळाली असती. त्यांनी घेतली नाही. वर बाकावर बसून मी कुणाच्या कामाची, म्हणाल्या. मी मात्र वर बसले. सकाळी भोंग्याला आत नेलं आणि मी त्या बाकावर भिंतीचे पोपडे बघत बसले. थोड्याच वेळात माझं डोकं फिरायची वेळ आली. शेजारची एक बाई मला तिच्या दिराच्या बिघडलेल्या शस्त्रक्रियेची गोष्ट रंगवून सांगायला लागली. तिला दोन शब्द सुनावले आणि उठून सरळ तळघरात आले.

वन्संनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या की फेरी माझ्या नावाने लॉग इन करून मीच पुरी करावी, त्या मागे उभ्या राहतील. मला कळलं, त्या माझ्या हातांना काम देत होत्या. मी एकेक खण विचारत गेले. सगळं ठीक. पंखे ठीक. तापमान ठीक. भिंतीवरचा पडदा हिरवागार. मागे साहेब उभ्या म्हणून प्रश्नही दोनदा विचारले, मुकाट. शेवटी मी म्हटलं की बघा, एक आकडासुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही, सगळं कसं शहाण्यासारखं चाललंय.

वळून पाहिलं तर वन्संच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

त्यांनी मला पुन्हा विचारायला सांगितलं. विचारलं. पंख्याचा वेग, शेवटच्या अंकापर्यंत तोच. पुन्हा विचारायला लावलं. तोच. दुसरा पंखा, तिसरा पंखा, तेच. इतकी वर्षं दोनदा विचारायचा जो प्रकार मला खुळचटपणा वाटत होता, त्याचा अर्थ मला त्या एका क्षणात कळला. फिरता पंखा कधीही दोनदा तोच आकडा देत नाही. थोडा वर जातो, थोडा खाली येतो. तो हलतो म्हणून तर खरा. आकडा जर दगडासारखा बसला असेल, तर कारभारी पंख्याकडे बघतच नाहीये. त्याने मघाशी कधीतरी पाहिलं होतं आणि तेच पाठ म्हणून दाखवतोय. तोंडाने ठीक म्हणतोय, आतून गोठलाय.

कधीपासून गोठला, कोण जाणे. पण पंखे तोच चालवतो. सकाळी पेटाऱ्यावर काम कमी होतं, तेव्हा त्याने पंखे हळू केलेले असणार आणि मग तो तिथेच थिजला असणार. आणि वर तर शस्त्रक्रिया सुरू झालेली, तिसरं ब्लेड पूर्ण ताकदीने चित्र काढतंय. वन्सं पेटाऱ्यामागे गेल्या, जाळीसमोर हात धरून बघून आल्या. वारा मंद आहे आणि गरम आहे, एवढंच म्हणाल्या. मग मला सांगितलं की कारभाऱ्याला सोड, तिसऱ्या खणावर उभी राहा आणि थेट ब्लेडलाच विचार. मी गेले, विचारलं. अशा वेळी कारभारी नुसता निरोप्या, उत्तर ब्लेडचं स्वतःचं, म्हणून ते खरं आलं. ते तापलं होतं, आणि अजून थोडं तापलं असतं तर स्वतःला वाचवायला स्वतःहून बंद पडलं असतं. ती तशी बनवलेलीच असतात.

वन्संनी शस्त्रक्रियागृहात फोन लावला. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, चित्र अगदी छान दिसतंय, काय झालं. दुसरं कुणी असतं तर सारवासारव केली असती. ह्यांनी स्वच्छ सांगितलं, की आत्ता छान दिसतंय, पण थोड्या वेळात जाऊ शकतं, डॉक्टरीणबाईंना विचारा थांबता येईल का. निरोप गेला, उलट निरोप आला. आत्ताच त्या शिरेपाशी पोचल्यात, हत्यार आत आहे, इथे थांबणं म्हणजे पुढे जाण्यापेक्षा वाईट. त्या काम चालू ठेवतायत, तुम्ही तुमचं करा. वन्संनी 'बरं' म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

करायचं काय ते दोघींनाही माहीत होतं. कारभाऱ्याला झोपवून पुन्हा उठवायचं. तो जागेवर नाही असं दिसलं की पंखे आपोआप पूर्ण वेगाने धावतात, बनवणाऱ्याने तशी सोयच करून ठेवलीय, आणि ब्लेडं त्या वेळात आपापलं काम करत राहतात. राहायला हवीत, असं म्हणायचं. कारण तो उठतो तेव्हा क्वचित एखाद्या खणाची वीज हिसका खाते. आणि गोठलेला कारभारी उठेलच ह्याचीही खात्री नाही. त्याच्या जोडीला एक राखीव कारभारी असतो, तो नेमका दुरुस्तीला गेलेला. तिसऱ्या ब्लेडचं काम दुसऱ्या पेटाऱ्यात हलवता आलं असतं, पण हलवेपर्यंत चित्र गेलं असतं. दुसरा रस्ता नव्हता.

मी खुर्चीत होते, हात कळांवर होते. मी हुकूम टाइप केला, चार-पाच अक्षरांचा, आणि बोट एंटरवर नेलं.

"कुठे उभी आहेस?" वन्सं म्हणाल्या.

आवाज चढवला नाही, हात धरला नाही. नेहमी विचारतात तसं विचारलं. मी पडद्यावर पाहिलं. खण तीन. मी अजून तिसऱ्या खणावर उभी होते. ब्लेडला ताप विचारायला गेले होते आणि तिथून हललेच नव्हते. मी एंटर दाबलं असतं तर कारभारी नाही, ते ब्लेडच बंद होऊन पुन्हा सुरू झालं असतं, आणि वर डॉक्टरीणबाईंचा पडदा काळा झाला असता, हत्यार शिरेला लागून असताना. माझ्या नवऱ्याचं तोंड मी माझ्या ह्या बोटाने वाकडं केलं असतं.

मी अक्षरं पुसली. मग तिथून हटले, कारभाऱ्यावर येऊन उभी राहिले, तसं वाचून दाखवलं. आता वन्संनी 'ऐकलं' म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "ऊठ."

मला आधी कळलंच नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, की ऊठ, आणि तुझ्या नावाचं लॉग इन बंद कर. मी म्हटलं, आता बरोबर जागी उभी आहे, फक्त एंटर दाबायचंय, वेळ कुठे आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून माझं नाव बाहेर काढलं, मला खुर्चीतून जवळजवळ ओढून उठवलं आणि स्वतः बसून स्वतःच्या नावाने पुन्हा पहिल्यापासून आत शिरायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे ब्लेड तापतंय आणि ही बाई इथे सही-शिक्क्याच्या गोष्टी करतेय. एक चूक होता होता राहिली, तर लगेच माझा भरवसा संपला. मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. मला पेटाऱ्यामागे पाठवलं. कारभाऱ्याच्या आकड्यावर आता काडीचा विश्वास नाही, म्हणाल्या, मला तुझा हात हवाय, वारा धर आणि सांग.

मी मागे गेले. जाळीसमोर तळवा धरला. मंद, कढत वारा येत होता, ओव्हनचं दार किलकिलं केल्यावर येतो तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, निम्मं भीतीचं, निम्मं रागाचं.

पलीकडून त्यांचा आवाज आला. नीट, एकेक शब्द सुटा. त्या कारभाऱ्यावर उभ्या आहेत. कुठल्याही खणावर नाहीत. हुकूम कारभाऱ्याला आहे. मी आता त्यांना घाईने 'हो हो' म्हणू शकले असते, पण ती बाई पाळते ती रीत अशा वेळी पाळावीच लागते. मी पेटाऱ्याच्या कडेने वाकून पडद्यावर बघितलं, वाचलं, आणि म्हटलं, "ऐकलं."

एंटरचा आवाज आला.

काहीच झालं नाही. वारा तसाच. मी ओरडून सांगितलं, तसाच आहे. त्यांनी घाबरून आणखी कळा दाबल्या नाहीत, खुर्चीवरून हलल्या नाहीत. फोनमधून शस्त्रक्रियागृहातलं कुणाचं तरी खाकरणं ऐकू येत होतं. मग माझ्या तळव्यावर वाऱ्याने ढकललं. आधी हलकेच, मग जोरात, आणि सगळे पंखे एकदम असे भरारले की माझे केस कपाळावरून मागे गेले. मी ओरडले, आला, वारा आला. वन्संनी फोनवर वाकून तंत्रज्ञाला विचारलं, चित्र आहे का. तो म्हणाला, आहे की, का. त्यांनी त्याला चित्रावरून नजर हलवू नको म्हणून बजावलं. कारभारी उठेपर्यंत आम्ही दोघी त्या आवाजात नुसत्या उभ्या होतो. तो उठला. कुठल्याच खणाची वीज हिसकली नाही. वन्संनी पंख्याचा वेग विचारला, पुन्हा विचारला, आणि आकडा हलला. थोडासा, पण हलला. इतका सुंदर आकडा मी जन्मात पाहिला नव्हता.

मी तुम्हाला खरं सांगते, हुशार माणसं मी पुष्कळ पाहिलीत. इस्पितळात त्यांना तोटा नाही. पण घरचं माणूस टेबलावर, हाताशी वेळ नाही, मशीन खोटं बोलतंय, आणि तरी एकही पायरी न गाळणारी बाई मी एकच पाहिली. त्या घडीला मी त्यांच्यावर दात खाऊन होते आणि त्याच घडीला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. दोन्ही एकदम वाटू शकतं, नणंद असली म्हणजे.

ब्लेड थंड झाल्याची खात्री करून, पाळीच्या माणसाच्या हाती सगळं सोपवून आम्ही वर आलो. शस्त्रक्रिया संपली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, दमलेल्या. गाठ निघाली, म्हणाल्या. चित्र शेवटपर्यंत होतं, त्याबद्दल आभार मानले. पण शीर कशी आहे ते तो शुद्धीवर येऊन बोलल्याशिवाय सांगता येत नाही, ती फार ताणली गेली होती, असंही म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग ते बाकावरचं बसणं. तीच भिंत, तेच पोपडे. वन्सं शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी बराच वेळ दात आवळून होते. मग फुटलेच. म्हटलं, मला खुर्चीतून का उठवलंत. एक चूक झाली, मान्य, पण सुधारली होती ना. बरोबर जागी उभी होते, तुम्हाला वाचूनही दाखवलं. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढून शेवटी तुम्हाला माझ्या बोटावर भरवसा नाही, तर सांगा तसं, उद्या दुसऱ्या खात्यात जाते. त्या वेळी एकेक क्षण मोलाचा होता आणि तुम्ही नाव बदलत बसलात.

वन्सं माझ्याकडे न बघता बोलल्या.

"हुकूम बरोबरच होता गं. तू बरोबर उभी होतीस. पण बरोबर हुकूम देऊनही वीज हिसकली असती, तर चित्र गेलं असतं. आणि त्याचं तोंड वाकडं झालं असतं, तर तू रोज सकाळी त्याला चहा देताना त्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि तुला तुझं बोट आठवलं असतं. जन्मभर. म्हणून म्हटलं, बोट माझं असू दे, नाव माझं असू दे. तुला घरात कुणाला तरी शिव्या घालता यायला हव्यात, आणि मला घालायची तुला सवय आहे."

तो भाऊ त्यांचा होता. त्यांनी त्याला कडेवर खेळवलेलं. त्यांनाही ते तोंड जन्मभर बघावं लागलं असतं, आणि शिवाय माझंही. एवढ्या गडबडीत, ब्लेड तापत असताना, पंखे थंडावलेले असताना, ह्या बाईने ह्याचाही विचार केला होता. मी त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता आणि थरथरत होता. मला वाटतं तो तळघरापासूनच थरथरत असावा, मी पेटाऱ्यामागे होते म्हणून मला दिसला नव्हता.

तेवढ्यात परिचारिका आली. शुद्धीवर येतोय, एकीलाच सोडते, म्हणाली, बायको कोण. वन्संनी मला पुढे ढकललं. मी त्यांचा दंड धरून त्यांनाच दारातून आत लोटलं आणि परिचारिकेला सांगितलं की आधी ह्या जातील. वन्सं नाही नाही म्हणत होत्या. मी त्यांना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दटावलं.

"वन्सं, आधी तुम्ही. मी सांगतेय ना."

दाराला छोटी काच होती. मी कान आणि डोळा दोन्ही लावून उभी राहिले. त्या पलंगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग भोंग्याचा आवाज आला, घोगरा, झोपेतला, पण शब्द एकेक सबंध. "तू काय करतेस इथे? माझी बायको कुठंय? आणि आधी पाणी दे, मग बायको."

वन्संनी त्याला पाणी दिलं नाही. पलंगाचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून त्या खाली वाकल्या आणि त्यांची पाठ हलायला लागली. तो विचारत होता, अगं रडतेस काय, मेलो नाहीये मी.

आत जायचा हक्क माझा होता आणि मला कधी एकदा त्याला बघते असं झालं होतं. पण मी काचेपासून दूर झाले, बाकावर जाऊन बसले, आणि परिचारिका मला बोलवायला आली तेव्हा तिला म्हटलं, थोडं थांबा, त्यांचं होऊ दे.